पाच नंबरचं दार

“यंत्र खोटं बोलत नाही. मॅडम, एवढं एकच वाक्य मला तुमच्याकडून लेखी हवंय,” धरणाचे अधिकारी कुलगुडे साहेब म्हणाले आणि त्यांनी केबिनची कडी आतून लावून घेतली.

कडी लावायचं खरं तर काही कारण नव्हतं. धरणाच्या भिंतीच्या टोकाला असलेल्या त्या केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो आणि बाहेर पायरीवर बसलेल्या माणसाची आत यायची इच्छा दिसत नव्हती. शिदू येडगे त्याचं नाव. धरणाचे पाचही वक्र दरवाजे वरखाली करायचं काम त्याचं. त्या दिवशी सकाळी त्याच्या हातून पाच नंबरचं दार उचललं गेलं होतं, आणि दाराखाली सांडव्याच्या उतारावर मौला मुजावर उभा होता.

मौला हा धरणावरचा मेकॅनिक. दाराच्या बुडाशी अडकलेला ओंडका कापायला तो खाली उतरला होता. दार हातभर वर गेलं आणि पाण्यानं त्याला पाचोळ्यासारखं उचललं. कडेच्या भिंतीतली एक सळई हाताला लागली म्हणून वाचला, नाहीतर थेट नदीत गेला असता. हात आणि बरगड्या मोडून तो आता तालुक्याच्या दवाखान्यात पडला होता.

“हे बघा,” साहेबांनी पडद्यावर बोट न टेकवता दाखवलं. “दारं चालवणाऱ्या तुमच्या पॅनेलमधली नोंद. ‘दार पाच निवडले.’ शिदू म्हणतो, मी एक नंबर दाबला. यंत्र म्हणतं, पाच. आता मी कोणाचं खरं धरू?”

“पण तो मुद्दाम कशाला असं करेल?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली, दोघांत विस्तव जात नाही. भर पावसाळ्यात शिदू केबिन सोडून बेंदराच्या सणाला घरी गेला होता. बैल रंगवायला. मौलानं वर कळवलं. शिदू निलंबित झाला. तेव्हापासून एका भिंतीवर ड्युटी करतात, पण निरोप माझ्या तोंडून. ‘साहेब, त्यांना सांगा, ग्रीस संपलं.’ आणि ते ‘त्यांना’ शेजारी उभे असतात. पोरखेळ नुसता.”

“तरीपण…”

“पुढचं ऐका. पाच नंबरखाली माणूस आहे, त्याला हात लावू नका, एक नंबर तेवढा चार बोटं उचला, त्याच्या बुडात पाला अडकलाय, असं मी स्वतः सांगून बंगल्यावर गेलो. यानं पाच उचललं. खाली मौला बोंबलत होता तरी बटण दाबून धरलं. रखवालदारानं धावत येऊन याचा हात मागे ओढला, तेव्हा दार थांबलं. आता सांगा.”

पोलीस ठाण्यात कळवून झालं होतं, संध्याकाळी जीप येणार होती. वर घाटात पाऊस लागला होता, म्हणजे अंधार पडायच्या आत दारं उघडावी लागणार होती, आणि माझा कागद मिळाल्याशिवाय साहेब पॅनेलला कोणाला हात लावू देणार नव्हते. एकीकडून पाणी चढत होतं, दुसरीकडून जीप येत होती, आणि मधे मी.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यातल्या ज्या छोट्या कंपनीनं हे पॅनेल बनवलं होतं तिथे नोकरीला होते. सकाळी फोन आला तशी निघाले, ती दुपारी धरणावर पोहोचले. कामात हुशार होते आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. गाडीत बसल्या बसल्याच मी मनात ठरवून टाकलं होतं की दोष माणसाचा असणार. आमच्या धंद्यात दहातल्या नऊ वेळा तो माणसाचाच असतो.

पॅनेल साधं होतं. आत एक छोटा संगणक, त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली. भिंतीवर रुंद काच, तिच्या मधोमध आडव्या ओळीत पाच चौकोन, प्रत्येक दाराचा एक. चौकोनाला बोट लावलं की तो पिवळा होतो, म्हणजे ते दार निवडलं गेलं. काचेच्या खाली खरंखुरं हिरवं बटण. ते दाबून धरलं की निवडलेलं दार वर जातं, सोडलं की थांबतं. यात चुकायला जागा ती कितीशी!

मी बॅगेतून कीबोर्ड आणि माऊस काढून जोडले. कंपनीची शिस्तच होती, तपासणी माऊसनं करायची. गिऱ्हाइकाच्या काचेवर बोटांचे डाग पाडायचे नाहीत. एकावर बाण नेला, दाबलं, एक पिवळा झाला. दोनावर दोन. असे पाचही. उलटसुलट क्रमानं पुन्हा पाच. सगळं चोख होतं.

तेवढ्यात आमच्या कंपनीच्या खासनीस सरांचा फोन आला.

“पॅनेल ठीक आहे ना, मैथिली?”

“दिसतंय तरी ठीक.”

“मग दिसतंय तसं लिहून दे आणि निघ. पोलिसांच्या भानगडीत आपण पडायचं नाही.”

कुलगुडे साहेबांनी तोवर कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं होतं. मी पेन उचललं, पण हात काही चालेना. मला त्या माणसाची दया वगैरे आली होती असं नाही. कोणाचं तरी आयुष्य वाकडं करणारं वाक्य लिहायचं, तर त्याचं तोंड तरी एकदा बघावं, एवढंच वाटलं. मी कडी काढून बाहेर आले.

शिदू पायरीवर तसाच बसला होता. पन्नाशीचा, उंच, निळा सदरा, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल. मी शेजारी बसले तसा तो थोडा सरकला.

“काय झालं सकाळी?” मी विचारलं.

“सायबांनी सांगितलं आसंल की.”

“तुमच्या तोंडून सांगा.”

“एक नंबर दाबला. हिरवं बटन धरलं. दार हालंना. म्हणलं, पाला दाटलाय, गच्च बसलंय, सुटंल. म्हून धरून ठिवलं.”

“पडद्यावर कुठला चौकोन पिवळा झाला ते बघितलं नाही?”

त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “काचंकडं कशाला बघू? काच काय पाणी सोडती व्हय? दार उचलताना दाराकडं बघत्यात. मला शिकिवणाऱ्यानं आसंच शिकिवलंय. एक नंबर ह्यो हितं खिडकीम्होरं हाय, त्याच्याकडं बघत हुतो. पाच पार तिकडल्या टोकाला.”

“याआधी एकटा एक नंबर कधी उचलला होता?”

“ह्या पावसाळ्यात न्हाई. दारं जोडीनं उचलायची आसत्यात. दोन हात, दोन बोटं. एक-पाच, दोन-चार. मधला तीन तेवढा एकटा. पाणी मधनं गेलं पायजे, न्हाईतर काठ तोडतंय.”

हे मी ऐकलं, पण एसटी स्टँडवर शेजारच्या प्रवाशाचं ऐकावं तसं. माझा डोळा घड्याळावर होता.

“आणि मौला ओरडत होते ते? ऐकू नाही आलं?”

त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला, पुन्हा गुंडाळला. मला वाटलं, इथेच पाणी मुरतंय.

तेवढ्यात भोंगा सुरू झाला. धरणातलं पाणी कुठल्याशा खुणेच्या वर गेलं की तो आपोआप वाजायचा आणि वाजायला लागला की कानाचे पडदे फाटायचे. शिदू सवयीनं उठला, केबिनमध्ये शिरला आणि मी दारात पोहोचायच्या आत त्यानं काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सपकन थाप मारली. भोंगा थांबला.

“शिदू! पॅनेलला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?” साहेब ओरडले.

“चुकलं सायेब. हात आपसूक गेला.”

“तिथे का मारलंत?” मी विचारलं. “भोंगा बंद करायचं बटण खाली आहे. उजव्या कोपऱ्यात. लिहिलंय की तिथे.”

“त्ये लागत न्हाई. जूनमधी ईज पडली तवापास्नं. लई दाबलं, काय उपेग न्हाई. एक दिवस वैतागून हितं थापड मारली, तर गपकन बसलं. तवापास्नं हितंच मारतो.”

“आमचा घरचा टीव्ही असाच आहे,” साहेब म्हणाले. “थापड खाल्ल्याशिवाय चालू होत नाही.”

खाली उजवीकडचं बटण दाबायला वर डावीकडे जावं लागत होतं. मी काचेकडे बघत उभी राहिले. मग पहिल्यांदाच, सगळ्या वायरी काचेच्या वरच्या कडेतून बाहेर येताहेत हे माझ्या लक्षात आलं. आमच्या पॅनेलच्या वायरी खालून निघतात. वरच्या कडेला रंगाचा एक जाड पट्टा ओढलेला होता. मी नखानं खरवडला. खाली आमच्याच कंपनीचं नाव होतं, उलटं.

“साहेब, ही काच उलटी कोणी टांगली?”

“तुमच्याच माणसानं. मागच्या वर्षी भिंत ओलावून खालच्या वायरींत पाणी गेलं. म्हणून मेमध्ये नवीन पाइप छतातून आणला. वायर वर पोहोचावी म्हणून काच उलटी बसवली आणि चित्र आतून सुलटं करून दिलं. त्याचं काय?”

मी माऊस बाजूला ठेवला आणि दिवसभरात पहिल्यांदा काचेला बोट लावलं. एक नंबरच्या चौकोनावर, बरोबर मधोमध. पाच नंबरचा चौकोन पिवळा झाला.

दोनाला बोट लावलं, चार पिवळा झाला. तिनाला लावलं तर तीनच, कारण मधलं ते उलटं केलं तरी मधेच राहतं.

“साहेब, इकडे या. हे बोट इथे ठेवा.”

साहेबांनी एकावर बोट ठेवलं. पाच पिवळा झालेला बघून त्यांनी बोट विस्तवाला लागल्यासारखं मागे घेतलं.

“आता दोन्ही हातांनी. एक आणि पाच, एकदम.”

दोन्ही चौकोन पिवळे झाले.

“म्हणजे जोडीनं दाबलं तर कळणारच नाही,” साहेब सावकाश म्हणाले.

“कळणारच नाही. आणि माऊसनं तपासलं तरी कळणार नाही. माऊसला काच उलटी काय नि सुलटी काय, तो आपला बाणामागे जातो. मी मघाशी माऊसनंच तपासलं.”

साहेबांना मी ते त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं. लिनक्समध्ये चित्र दाखवणारं खातं वेगळं आणि बोट कुठे लागलं ते सांगणारं खातं वेगळं. चित्र फिरवा असा हुकूम निघाला की पहिलं खातं निमूट फिरतं, पण त्याची प्रत दुसऱ्या खात्याला आपोआप जात नाही. त्याला वेगळं कळवावं लागतं. मेमध्ये आलेल्या आमच्या माणसानं कळवलंही होतं, पण तोंडी. म्हणजे आज्ञा दिली, पाचही दारं बोटानं तपासली, सगळं बरोबर आलं, आणि ती आज्ञा कायमची साठवून न ठेवता तो गाडीत बसला. यंत्र बंद पडेपर्यंत तोंडी हुकूम चालला. जूनमध्ये वीज पडली, यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं. चित्राच्या खात्याचा हुकूम लेखी होता, तो टिकला. बोटाच्या खात्याचा उडाला.

“म्हणजे यंत्र खोटं बोललं,” साहेब म्हणाले.

“नाही. त्याला जे समजलं ते त्यानं खरं सांगितलं. त्याला समजलंच उलटं होतं.”

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी ठाण्यात फोन लावला आणि जीप पाठवू नका म्हणून सांगितलं. माझ्यापुढचा कोरा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

दुरुस्ती म्हणाल तर नऊ आकड्यांची. आडवं उलटं कर, उभं उलटं कर, एवढंच ते आकडे सांगतात. ते मी यंत्र उठल्यावर दर वेळी वाचेल अशा जागी लिहून ठेवले. मग पॅनेल बंद केलं, चालू केलं, पाचही चौकोन बोटानं तपासले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. साहेब म्हणाले, “पुरे आता, पाणी चढतंय.” तरी मला चैन पडेना. मघाशी तो कागद लिहून दिला असता तर, हा विचार डोक्यातून जाईना. खासनीस सरांचा फोन वाजत होता, तो मी घेतला नाही.

दारं उघडायची वेळ आली तेव्हा साहेबांनी शिदूला आत बोलावलं. त्यानं एक-पाचवर दोन हात ठेवले, मग थांबला, आणि पहिल्यांदाच काचेकडे नीट बघून हिरवं बटण धरलं. पाणी सुटलं. केबिनची जमीन पायाखाली गुरगुरायला लागली.

मी त्याला म्हटलं, “तुमचा काही दोष नव्हता, शिदूभाऊ. तुम्ही एक नंबरच दाबला होतात.”

मला वाटलं होतं, माणूस निदान हुश्श करेल. तो खिडकीतून पाण्याकडे बघत राहिला.

“मघाशी तुमी इचारलं. वरडन्याचं.”

“हो.”

“ऐकू आलं हुतं मला.”

मी साहेबांकडे पाहिलं. ते बाहेर कठड्याशी उभे होते, त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

“‘सायेब, ओ सायेब,’ आसं वरडत हुता,” शिदू म्हणाला. “म्हणलं, सायबांला हाक मारतोय. सायेब तर बंगल्यावर. आपल्याला काय करायचंय त्येचं. आपलं बोलनं न्हाई, चालनं न्हाई. न्हाई वळलो मी. एक नंबरकडं बघत ऱ्हायलो.”

“त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही?”

“माझं नाव त्यो कशाला घील?”

पॅनेलमध्ये जे बिघडलं होतं ते सापडलं होतं, दुरुस्तही झालं होतं, आणि हे त्यात कुठेच बसत नव्हतं.

साहेबांची जीप मला तालुक्याच्या स्टँडवर सोडायला निघाली. शिदूची ड्युटी संपली होती. तो मागे येऊन बसला. तालुका जवळ आल्यावर त्यानं ड्रायव्हरला जीप दवाखान्याकडे घ्यायला सांगितली. मला म्हणाला, “मॅडम, पाच मिन्टं चला. तुमच्याबिगर जमायचं न्हाई.”

मौला खिडकीजवळच्या कॉटवर होता. बुटका, पांढरी दाढी, हात प्लास्टरमध्ये. बायको चहा आणायला खाली गेली होती. शिदू कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, त्यास्नी सांगा, यंत्र उलटं हुतं.”

मी सगळं सांगितलं. मौला लक्ष देऊन ऐकत होता. मेकॅनिक माणूस, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही.

“म्हंजे एकाला बोट लावलं की पाच,” तो म्हणाला.

“हो.”

“मग त्येंचा काय दोष न्हाई म्हना,” तो मला म्हणाला.

“त्यास्नी सांगा,” शिदू म्हणाला, “की मला आवाज आला हुता.”

हे काही मी सांगितलं नाही. खरं तर सांगायची गरजही नव्हती, दोघांच्या मधे एक कॉट होती. पण त्या दोघांच्या भांडणाची रीतच अशी होती की तिसऱ्या तोंडानं सांगितल्याशिवाय सांगितलं असं धरायचंच नाही.

“सांगा की, मॅडम.”

“मी नाही सांगणार,” मी म्हणाले. “मी पॅनेल दुरुस्त करते. हे माझं काम नाही.”

मला उभं राहवत नव्हतं आणि निघवतही नव्हतं. मौला छताकडे बघत पडला होता. बोलला तेही छताशीच बोलल्यासारखं.

“पानी आलं तवा वर खिडकीत कोन हाय ते मला दिसत हुतं. निळा सदरा. सायेब बंगल्यावर गेल्यात, ह्ये पन मला ठावं हुतं.”

“मग साहेबांना का हाक मारलीत?” मी न राहवून विचारलं.

“दोन वर्सं नाव घेतलं न्हवतं, बाई. पानी छातीला लागलं, सळी हातातनं सुटत हुती, तरी तोंडातनं नाव निघंना. म्हणलं, मरू, पर ह्याला हाक न्हाई मारायची.” तो थांबला. दम लागत होता त्याला. “मला वाटलं हुतं, तरी त्यो वळंल.”

शिदूनं कॉटची दांडी घट्ट धरली होती.

मौलानं मान वळवली. दुखलं असावं, कारण त्यानं डोळे मिटून घेतले.

“शिद्या,” तो म्हणाला. “बस की. उभा काय ऱ्हायलास?”

शिदू बसला नाही.

“आत्ता काय म्हणलास?” त्यानं विचारलं.

“बस म्हणलं.”

“त्ये न्हवं. त्येच्या आदी.”

“शिद्या,” मौला म्हणाला.

मग शिदू स्टूल ओढून बसला. मी दार ओढून घेतलं आणि खाली जीपकडे गेले.